पत्त्यांना काय विचारावं

टॅरो रीडरकडे येणारे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. लग्न कधी होईल? तो परत येईल का? नोकरी बदलली तर लाभेल का? भावाशी चाललेला जमिनीचा वाद मिटेल का? कुणी केबिनमध्ये समोर बसून विचारतं, कुणी व्हिडिओ कॉलवर. समोर पानं मांडली जातात, त्यांच्याकडे बोट दाखवत उत्तर दिलं जातं आणि माणूस थोडा हलका होऊन किंवा जास्तच घाबरून घरी जातो.

या प्रकरणात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पुढे काय घडणार हे पत्त्यांना कळत नाही. आणि तरीही रोजच्या आयुष्यात अडलेल्या माणसाला पत्त्यांचा उपयोग होऊ शकतो. आपल्याकडे यातली एक गोष्ट मानणारा दुसरी मानायला तयार नसतो. एक जण हात जोडतो, दुसरा थोतांड म्हणून मोकळा होतो. सगळा फरक पडतो तो प्रश्नानं, आणि तो कसा पडतो हे नीट समजायचं तर हे पत्ते आले कुठून तिथपासून सुरुवात करायला हवी. त्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी तेवढ्यानंच गळून पडतात.

युरोपात पत्ते दिसू लागले ते १३७०च्या दशकात. १३७७मध्ये फ्लॉरेन्स शहरानं या नव्या खेळावर निर्बंध घातले आणि त्याच वर्षी योहानस नावाच्या एका डॉमिनिकन साधूनं पत्त्यांवर लॅटिनमध्ये ग्रंथही लिहिला. पत्ते तिथे पोचले ते इजिप्तच्या मामलुक राजवटीतून, भूमध्य समुद्रावरच्या व्यापाराबरोबर. मामलुकांचा हातानं रंगवलेला एक कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेला आहे. त्यातले चार रंग म्हणजे चषक, नाणी, तलवारी आणि पोलो खेळायच्या काठ्या. त्यातल्या एका पानावर ‘कंजिफा’ असं लिहिलेलं आहे. सावंतवाडीच्या माणसाला हे नाव ऐकून घरचं काहीतरी आठवेल. बाबरानं १५२७मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही दशावतारी गंजिफेची गोल पानं रंगवली जातात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात १२ पानं, सगळी मिळून १२०. मिलानचा टॅरो आणि सावंतवाडीची गंजिफा यांचं नातं लांबचं आहे, पण आहे.

टॅरो जन्माला आला उत्तर इटलीत, १४४०च्या आसपास, आणि तो निव्वळ खेळ होता. पाच-तीन-दोन किंवा तीनशे चार खेळणाऱ्यांना त्याची गंमत लगेच कळेल. आपण दर डावाला कुठला तरी रंग हुकूम म्हणून बोलतो. इटालियन खेळाडूंनी चार रंगांच्या ५६ पानांना हुकमाची २१ चित्रं कायमची जोडून टाकली आणि त्यांच्याबरोबर ‘वेडा’ नावाचं एक पान. एकूण ७८. सम्राट, पोप, प्रेमिक, मृत्यू, चंद्र, सूर्य अशी ती चित्रं त्या काळच्या मिरवणुकांतून आणि चर्चच्या भिंतींवरून लोकांच्या रोजच्या ओळखीची होती. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी बोनिफाचो बेंबोच्या चित्रशाळेत सोन्याचा वर्ख लावून रंगवलेल्या एका कॅटची ७४ पानं अजून शिल्लक आहेत. काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, काही इटलीत बेर्गामोला. नसलेल्या चार पानांत ‘सैतान’ आणि ‘मनोरा’ आहेत. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात लोक आजही टॅरोच्या पानांनी हात लावून डाव जिंकतात, आणि त्यातल्या कुणाला समोरच्यानं टाकलेल्या कुठल्याही पानाचा धसका बसत नाही.

म्हणजे साडेतीनशे वर्षं हा खेळ होता. मग १७८१मध्ये पॅरिसचा एक विद्वान पाद्री, आंत्वान कूर द जेबलॅं, यानं आपल्या प्रचंड ग्रंथमालेच्या आठव्या खंडात जाहीर केलं की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी पत्त्यांत दडवून ठेवलेलं थोथ देवाचं पुस्तक आहे. त्यानं हे लिहिलं तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाही वाचता येत नव्हती. शांपोलियोंनं ती उलगडली १८२२मध्ये, आणि त्यानंतर वाचल्या गेलेल्या इजिप्तच्या लेखांत टॅरोचा मागमूसही निघाला नाही. पण तोवर गोष्ट पसरली होती. आजही टॅरोच्या जाहिरातींत ‘हजारो वर्षांची इजिप्शियन विद्या’ हे शब्द दिसतात ते या एका माणसाच्या तर्कामुळे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८०मध्ये टॅरो या खेळाचा जाडजूड इतिहास लिहून ही सगळी कथा पुराव्यानिशी मोडून काढली. टॅरोच्या एकेका पानाला भविष्याचा अर्थ जोडल्याचा पुरावा अठराव्या शतकाच्या मागे जात नाही.

जेबलॅंच्या पुस्तकानंतर लगेच पुढे सरसावला तो झां-बाप्तिस्त आलियेत, स्वतःचं आडनाव उलटं लिहून ‘एतेया’ झालेला. त्यानं १७७०मध्येच साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगायचं पुस्तक छापलं होतं. त्यासाठी पिके या फ्रेंच खेळाचा ३२ पानांचा कॅट त्यानं घेतला होता. पुढे टॅरोवरही लिहिलं आणि १७८९मध्ये खास भविष्यासाठी म्हणून टॅरोचा कॅट काढला. पान सुलटं आलं तर एक अर्थ आणि उलटं आलं तर दुसरा, हा रिवाज रुळला तो त्याच्यामुळे. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेवीनं हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांची जोड २२ चित्रांना दिली, मग लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्या मंडळानं त्यात ग्रह-राशी गुंफल्या. हे सगळे थर एकावर एक चढत गेले. कुणाला त्यात रस असेल तर जरूर वाचावं, पण ते थर अलीकडचे आहेत आणि माणसांनी विचारपूर्वक चढवलेले आहेत, एवढं ध्यानात ठेवावं.

आज जगभर जो टॅरो सर्वात जास्त वापरला जातो, तो मात्र एका चित्रकर्तीचं देणं आहे आणि तिच्याबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. पामेला कोलमन स्मिथ. जन्म १८७८, लंडन. बालपणाचा काही काळ जमैकात गेला. चित्रकला शिकली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणि लंडनला परतल्यावर एलन टेरी, हेन्री अर्विंग यांच्या नाटक मंडळीत वावरली. १९०९मध्ये गूढविद्येचा अभ्यासक आर्थर वेट यानं तिला टॅरोच्या पानांचं काम दिलं. काही महिन्यांत तिनं सगळी पानं काढून दिली. तोवरच्या बहुतेक कॅटांत मोठ्या २२ पानांवर आणि राजा-राणीसारख्या पानांवर चित्रं असत, एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पानांवर नुसती नाणी, नुसत्या तलवारी मोजून मांडलेल्या. पामेलानं या छोट्या पानांवरही माणसं आणली. कुणी अंथरुणात उठून बसून तोंड झाकून रडतंय, कुणी बर्फात कुबडी घेऊन चर्चच्या उजळलेल्या खिडकीखालून चाललंय, कुणी सुतारासारखं बाकावर बसून एकामागून एक नाणं घडवतंय. पंधराव्या शतकातल्या ‘सोला बुस्का’ या इटालियन कॅटमध्ये असं काही झालं होतं, त्याची छायाचित्रं १९०७पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होती, आणि हृदयात घुसलेल्या तीन तलवारींचं चित्र पामेलानं तिथूनच उचललं हे दोन्ही शेजारी ठेवले की कळतं. पण बाकीची बरीचशी दृश्यं तिची आहेत. नाटकाच्या विंगेत उभं राहून माणसं बघितलेली बाई रंगमंचासारखी चौकट कशी भरते ते त्यांत दिसतं.

तिला एकरकमी मोबदला मिळाला, तोही तुटपुंजा. कॅट खपला तो प्रकाशक रायडर आणि वेट यांच्या नावावर. १९५१मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती कर्जात वारली. सत्तरच्या दशकापासून या कॅटच्या प्रचंड आवृत्त्या निघाल्या आणि त्यातला एक पैसाही तिच्यापर्यंत पोचायचा नव्हता. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिची वळणदार सही आहे. पुढच्या वेळी टॅरो हातात आला तर ती शोधा. हल्ली बरेच जण या कॅटच्या नावात ‘स्मिथ’ जोडतात, आणि ते सगळ्यांनीच करावं असं मला मनापासून वाटतं.

पामेलाच्या या चित्रांमुळेच टॅरो रोजच्या प्रश्नांसाठी हाताशी आला. आठ चषक नुसते मांडलेले असतील तर अर्थ पुस्तकात बघावा लागतो. आठ चषक मागे टाकून पाठमोरा चालत जाणारा माणूस दिसला, की बघणारा स्वतःहून बोलू लागतो.

पण तो जे बोलतो ते पानाला आधी ठाऊक असतं का?

साधा हिशेब मांडून पाहू. ७८ पानांतून दहा पानं काढायची, ‘सेल्टिक क्रॉस’ या प्रसिद्ध मांडणीत काढतात तशी. बघणाऱ्याला घाबरवणारी पानं मुख्यतः तीन: मृत्यू, सैतान आणि वीज पडून कोसळणारा मनोरा. दहा पानांत यातलं निदान एक तरी येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के आहे. म्हणजे केबिनमध्ये येणाऱ्या तिघांपैकी एकाच्या समोर भीतीचं पान निघणारच, त्याचं आयुष्य कसंही चाललेलं असो. तीनच पानं काढली तर त्यांत २२ मोठ्या पानांपैकी, म्हणजे ‘मेजर आर्काना’पैकी, एखादं तरी निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. ‘बघा, तुमच्या रीडिंगमध्ये मेजर आर्काना आलं, म्हणजे नियतीचा हात आहे’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा आठवावा. नीट पिसलेल्या कॅटला समोर कोण बसलंय याची खबर नसते.

मग ‘अगदी माझ्याबद्दल बोलली हो ती’ हा अनुभव इतक्यांना का येतो? लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाच्या हाती त्याचा ‘खास’ निष्कर्ष ठेवला. किती जुळतो याला ० ते ५ गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना शब्दन् शब्द एकच मजकूर दिला होता आणि तो फोररनी पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून जुळवला होता. तुम्हाला लोकांनी आपल्याला मानावं असं वाटतं, तुमच्यातल्या काही क्षमता अजून वापरल्या गेलेल्या नाहीत, बाहेरून शिस्तीचे दिसता पण आत चिंता असते, अशा धाटणीची ती वाक्यं होती. कुणाला लागू पडणार नाहीत?

रे हायमन यांची गोष्ट याहून बोलकी आहे. पुढे मानसशास्त्राचे प्राध्यापक झालेले हायमन तरुणपणी हात बघायचे आणि हस्तरेषांवर त्यांचा स्वतःचा विश्वास बसला होता. एका जादूगार मित्रानं सुचवलं, एकदा रेषा सांगतात त्याच्या नेमकं उलटं सांगून बघ. हायमननी सांगितलं. लोक पूर्वीइतकेच थक्क झाले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की जुळवण्याचं काम रेषा करत नाहीत, ऐकणारा करतो. सांगणारा समोरच्याचे डोळे, कपडे, सुस्कारा, ‘हो हो’ म्हणण्याची घाई यांवरून वाट काढत जातो, पुष्कळदा स्वतःच्याही नकळत. पुष्कळ टॅरो रीडर प्रामाणिक असतात हे मला मान्य आहे. प्रामाणिकपणानं यातलं काही बदलत नाही.

आता पत्त्यांच्या बाजूनं बोलतो. ऐकणारा स्वतःच जुळवतो, याच गोष्टीत पत्त्यांचा खरा उपयोग दडलेला आहे. एखाद्या निर्णयावर आपण आठवडेच्या आठवडे विचार करतो तेव्हा बहुतेक वेळ तीच चार वाक्यं मनात फिरत असतात. त्यात बाहेरून, कुणाच्याही मर्जीविना, एक चित्र येऊन पडलं, की त्या चित्राशी आपल्या गोष्टीची सांगड घालायला मन धडपडतं आणि त्या धडपडीत आपण ज्याकडे बघत नव्हतो ते समोर येतं. १९७५मध्ये संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी नेमक्या याच कामासाठी एक कॅट तयार केला. त्याच्या प्रत्येक पानावर एक तिरकस सूचना. स्टुडिओत काम अडलं की एक पान काढायचं आणि ते सांगेल ते करून बघायचं. डेव्हिड बोवीच्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात तो वापरला गेला. त्यात भविष्याचा दावा कुठेच नव्हता. इटालो काल्विनो या लेखकानं तर टॅरोची पानं टेबलावर मांडून, त्यांच्या रांगांतून अख्खी कादंबरी रचली.

आपल्या कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला पाकळ्या किंवा पानं चिकटवतात आणि उजवीकडची आधी पडते की डावीकडची, यावर होकार-नकार ठरतो. हा श्रद्धेचा भाग आहे आणि त्याला पत्त्यांच्या पंगतीत बसवायचा माझा हेतू नाही. पण कौलात एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. गाऱ्हाणं मोठ्यानं, सगळ्यांसमोर घालावं लागतं. नेमकं काय विचारायचंय ते स्पष्ट शब्दांत मांडल्याशिवाय कौल लागतच नाही. अर्धं काम तिथेच होतं. पत्ते काढणाऱ्यानं एवढी एक रीत जरी उचलली तरी पुष्कळ झालं.

उदाहरण घेऊ. समजा, पंचेचाळिशीची एक बाई आहे. पुण्यात नोकरी, मुलगी बारावीला, वडील चिपळूणला घरात एकटे. गेल्या पावसाळ्यात ते अंगणात घसरले तेव्हापासून तिला झोप लागत नाही. ‘बाबांना पुण्याला आणलं तर सगळं नीट होईल का?’ असं तिनं विचारलं तर पत्त्यांकडे उत्तर नाही, कुणाकडेच नाही. पण ‘बाबांबद्दलच्या या निर्णयात मी काय बघायचं टाळतेय?’ असा प्रश्न तिनं वहीत लिहिला आणि तीन पानं काढली, की काम सुरू होतं. पहिलं पान: मी आत्ता कुठे उभी आहे. दुसरं: काय आड येतंय. तिसरं: कुठल्या बाजूला बघू.

पहिलं पान निघालं तलवारींची दुर्री. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, दोन्ही हातांत तलवारी, छातीवर हातांची फुली, मागे समुद्र. अर्थाचं पुस्तक उघडायच्या आधी जे दिसतं ते लिहायचं. तिनं लिहिलं, ‘हिचे हात भरून आले असणार. तलवारी खाली ठेवल्या तर काय होईल?’ दुसरं पान, नाण्यांची छक्की. एक श्रीमंत माणूस एका हातात तराजू धरून गुडघे टेकलेल्या दोघांपैकी एकाला नाणी देतोय. ती स्वतःला देणाऱ्याच्या जागी बघते. मग लक्षात येतं की या चित्रात बाबा गुडघ्यावर बसलेत, आणि बाबा तर कधी कुणासमोर असे बसले नाहीत. तिसरं, चषकांची अठ्ठी, पाठमोरा माणूस रचलेले चषक सोडून काठी टेकत चाललाय. सोडून कोण चाललंय? ती समजत होती आपणच पुण्यातलं काहीतरी सोडणार. चित्रातला म्हातारा मात्र घर, अंगण, आंब्याचं झाड सोडून निघाल्यासारखा दिसतो.

एवढं लिहून झाल्यावर तिला कळतं की तीन महिने नवऱ्याशी, भावाशी, डॉक्टरांशी बोलणं झालं, बाबांना मात्र तिनं एकदाही विचारलेलं नाही. रविवारी चिपळूणला जाऊन त्यांच्याशी बोलायचं, ही तिची पुढची पायरी. पत्त्यांनी तिला काही सांगितलं नाही. वेगळी तीन पानं आली असती तर ती वेगळ्या वाटेनं कदाचित इथेच आली असती, कदाचित पैशांच्या भीतीपाशी जाऊन थांबली असती. रीडिंग चांगलं झालं की नाही हे ओळखायची माझी एकच कसोटी आहे: शेवटी हाती असं काहीतरी लागलं पाहिजे जे या आठवड्यात स्वतःला करता येईल. ‘येत्या सहा महिन्यांत बदल संभवतो’ हे काही हाती लागणं नव्हे.

यासाठी टॅरो विकत घ्यायलाच हवा असं नाही. झब्बू आणि बदाम सात खेळून मऊ पडलेला घरातला कॅट पुरतो. फ्रेंचांनी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात पत्त्यांवरची चित्रं साधी करून दोनच रंगांत, छापे वापरून झटपट उमटवता येतील अशी केली, म्हणून बदाम, चौकट, किलवर, इस्पिक जगभर गेले. या साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगायची परंपरा युरोपात टॅरोवरून भविष्य सांगण्याइतकीच जुनी किंबहुना थोडी आधीची आहे, हे एतेयाच्या पुस्तकावरून दिसलंच. तिच्यात इस्पिक म्हणजे संकट आणि इस्पिकचा एक्का म्हणजे मरण, असे अर्थ रूढ झाले. त्यांना भिण्याचं कारण नाही. इस्पिकचा एक्का इतका नक्षीदार आणि भारदस्त दिसतो तो इंग्लंडच्या सरकारमुळे. पत्त्यांवर कर होता आणि अठराव्या शतकात तो भरल्याची खूण या पानावर छापली जाई. कर गेला, नक्षी राहिली.

जुने अर्थ पाठ करण्यापेक्षा मी एक सोपी वाटणी सुचवतो. बदाम म्हणजे आजची माणसं, चौकट म्हणजे पैसा आणि घर, किलवर म्हणजे काम, आणि इस्पिक म्हणजे आपण जे पुढे ढकलतोय ते. आकडा म्हणजे गोष्ट कुठवर आली आहे: एक्का ही सुरुवात, पंजी-छक्कीपाशी मध्य, दश्शी म्हणजे आटोपत आलेलं. गुलाम, राणी आणि राजा निघाले तर एखाद्या माणसाचा विचार करायचा: जो शिकतोय, जो सांभाळतोय, जो ठरवतोय. सकाळी चहाच्या वेळी एक पान काढायचं आणि त्यावरून स्वतःला एकच प्रश्न लिहायचा. किलवरची नव्वी आली तर, ‘कुठलं काम जवळजवळ झालंय आणि तरी मी हातावेगळं करत नाही?’ इस्पिकची दुर्री आली तर, ‘नुकतीच कुठली गोष्ट मी टाळायला लागलोय?’ उत्तर दोन ओळींत. तारीख घालायची. पान कॅटमध्ये परत.

वही महत्त्वाची, पत्त्यांहून जास्त. महिन्यानं मागची पानं चाळली की दोन गोष्टी कळतात. पत्ते भविष्य सांगतात असं वाटत असेल तर किती वेळा ते चुकले हेही तिथेच लिहिलेलं सापडतं, कारण आठवण फक्त जुळलेलं जपते. आणि एकच चिंता वेगवेगळ्या पानांवर पुन्हा पुन्हा उतरलेली दिसली, तर ती चिंता आता खऱ्या माणसाशी बोलायची वेळ आलेली असते.

काही ठिकाणी पत्ते काढूच नयेत. मनासारखं पान आलं नाही म्हणून त्याच प्रश्नाला पुन्हा पिसायचं नाही. तसं करायला लागलो की उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते विचारायचं नाही. नवऱ्याच्या, सुनेच्या, साहेबांच्या मनाचा ठाव पानातून काढणाऱ्यानं कितीतरी घरांत निष्कारण संशय पेरलाय. ज्यांच्या मनातलं हवंय त्यांनाच विचारावं. छातीतली गाठ, कोर्टातली तारीख, शेअर्स आणि कर्ज यांचे प्रश्न डॉक्टर, वकील आणि हिशेब जाणणाऱ्याकडेच न्यावेत. आणि जगणं नकोसं झालेलं असेल तेव्हा पत्त्यांकडे वळू नये. केंद्र सरकारची टेलीमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

रीडरकडे जावंसं वाटलं तर जा. काही जण मन लावून ऐकतात, चांगले प्रश्न विचारतात आणि तासाभरानं माणूस स्वतःच्या पायावर बाहेर पडतो. तसं ऐकून घेणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे देण्यात गैर काही नाही. फी आधी विचारा, आणि आपल्याबद्दल फार न बोलता आधी त्यांना बोलू द्या. मात्र मनोरा किंवा सैतान निघाला, समोरच्याचा चेहरा गंभीर झाला, कुणीतरी तुमच्यावर काही केलंय, दोष आहे, अमुक पूजा, तमुक खडा, इतके हजार, अशी भाषा सुरू झाली, तर तिघांतल्या एकाला ती पानं निघतातच हा हिशेब लक्षात आणा आणि तिथून उठा. फी भरून झालेली असली तरी उठा, आणि घरी येऊन झालेली गोष्ट घरातल्या कुणालातरी सांगा.